धागेकाकांचा संशय

"काय काका, बरं आहे ना?" असं जिन्यात कुणी सहज विचारलं, तर माणसं "बरं आहे" म्हणतात आणि पुढे जातात. धागेकाका जागच्या जागी थांबत. हातातली पिशवी खाली ठेवत, चष्म्यावरून विचारणाऱ्याकडे नीट बघत आणि म्हणत, "बरा आहे असं वाटतंय खरं. पुरावा नाही." मग पिशवी उचलून भिंतीच्या कडेकडेनं वर जात. जिन्याच्या कठड्याला ते हात लावत नसत. त्या कठड्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

संशयी माणसं मी पुष्कळ पाहिली. बायकोवर संशय घेणारे पाहिले, भावावर घेणारे पाहिले. आमच्या हौशी नाटक मंडळीत तर एक नट असा होता, की प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या की हा विंगेत येऊन घाबऱ्याघुबऱ्या विचारायचा, "कुणाला दिल्या रे?" पण रक्तावर संशय घेणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. नात्यागोत्यातलं रक्त नव्हे हं! साधं, लाल, बोटाला सुई टोचली की बाहेर येतं ते.

हे घडलं लालबागच्या आमच्या चाळीत, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना. त्या दिवसांत रक्ताला फार मान होता. भाषणात ते सळसळत होतं, पोवाड्यात उसळत होतं, सांडायला तर जो तो तयार होता, आणि काहींचं खरोखर सांडलंही. अशा काळात हे एक गृहस्थ रोज सकाळी परळच्या एका रुग्णालयात जाऊन, रक्त किती वेळात साखळतं ते घड्याळ लावून मोजत होते. गिरणीच्या गेटावर माझा दादा "आमचं रक्त सळसळतंय!" म्हणून गरजला, की मागच्या रांगेतून काका पुटपुटत, "सळसळू दे हो. साखळायला नको."

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, शंकर गावडे. गिरणीत साचे चालवायचा, म्हणजे विणकर. आणि पाळी सुटली की गेटावर स्टुलावर उभा राहून भाषण ठोकायचा. आवाज असा की भोंग्यानं मान खाली घालावी. मी धाकटा, वय सत्तावीस, दिवसा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून आणि उरलेल्या वेळात नाटकातला राजा. वडील आमचे लवकर गेले. मला वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं ते दादानं. राजाच्या पायातल्या मोजड्या नाटक मंडळीच्या असत, पण एरवीच्या चपला दादाच्या. तेव्हा पुढं जे सांगणार आहे त्यात माझं काय पणाला लागलं होतं, ते निराळं सांगायला नको.

काका दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एकटे राहत. काकू राजापुराकडे घर आणि आंब्याची कलमं सांभाळत. काकांच्या मनगटावर एक घड्याळ असायचं आणि खिशात दुसरं. कुणी हसलं तर म्हणत, "एक घड्याळ असलं की वेळ कळते. दोन असली की घड्याळं कळतात." दुधाचा थेंब नखावर घेऊन तो किती पसरतो ते बघितल्याशिवाय दूध आत जायचं नाही. वर्तमानपत्र हातात घेतलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मथळा एवढा मोठा? म्हणजे खाली मजकूर कमी असणार." मासेवालीशी तर त्यांचा रोजचा खटला चाले. ती म्हणे, "काका, ताजी आसत." ते म्हणत, "तुझ्याकडे बघून सांगतेस की माशाकडे?"

आता धागेकाका हे नाव का पडलं ते ऐका. रक्ताची एक तपासणी ते घरीही करून दाखवत. त्याला लागायचं काय? स्पिरिटचा बोळा, सुई, केसाएवढं छिद्र असलेली काचेची नळी आणि खिशातलं घड्याळ. बोट टोचलं की थेंब आपोआप नळीत चढायचा आणि काका घड्याळाचं बटण दाबायचे. मग दर अर्ध्या मिनिटानं नळीचा नखाएवढा तुकडा मोडायचा, टक! दोन्ही तुकडे हलकेच एकमेकांपासून लांब करून बघायचं. काही नाही. पुन्हा अर्धं मिनिट, पुन्हा टक. काही नाही. बघणाऱ्यांचे श्वास अडकलेले. आणि मग एका टकेला दोन काचांच्या मधे कोळिष्टकासारखा बारीक तांबूस धागा ताणला जायचा. "दिसला!" काका ओरडत. "धागा दिसला! साखळलं!" जसा काही पंधरा वर्षं फरारी असलेला दरोडेखोर त्यांनी खोलीतल्या खोलीत पकडलाय. अहो, एवढी टाळी माझ्या राजाला कधी पडली नाही.

लकव्याचा त्यांना विलक्षण राग. त्याहून राग लोकांच्या बोलण्याचा. आपल्याकडे म्हणतात ना, अंगावरून वारं गेलं? काका उसळत. "वारं! कसलं वारं? एक अंग लुळं पडतं, जीभ अडखळते, आणि ही मंडळी खिडक्या लावून घेतात. अहो, चोर खिडकीतून येत नाही. तो घरातच आहे, रक्तात!" मग हाताची बोटं एकमेकांत गुंतवून सांगत, की लकवे दोन जातींचे. एकात मेंदूतली रक्ताची नळी फुटते, दुसऱ्यात ती गुठळीनं तुंबते. त्यांचा संशय होता तो दुसऱ्या जातीवर. रुग्णालयात येणाऱ्या अशा रोग्यांचं रक्त त्यांना घाईत असलेलं दिसे. धागा लवकर सापडायचा. शिवाय हा धागा ज्या पदार्थाचा बनतो तोही त्या रक्तात बऱ्याचदा जास्त भरायचा. त्या पदार्थाचं नाव फायब्रिनोजेन. काका ते आवाज खाली आणून, इकडे तिकडे बघून घेत. पोलीस ठाण्यात गुन्हेगाराचं खरं नाव घ्यावं तसं.

हा संशय घेऊन ते एकदा रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आधी की नंतर?" म्हणजे असं, की झटका आल्यावर शरीरात एवढी उलथापालथ होते, तिच्यामुळेच रक्त असं झालं नसेल कशावरून? आग लागल्यावर धूर दिसणारच. आधीपासून रक्त असं होतं, हे दाखवा. दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. काका नाचत घरी आले. "माझ्यावर संशय घेतला त्यांनी! काय हुशार माणूस आहे!"

आधी की नंतर, हे कळायला झटका न आलेल्या माणसांचं रक्त हवं. आणि अशी धडधाकट, रिकामटेकडी, मोफत माणसं आमच्या चाळीत गॅलरी भरून होती. दर रविवारी सकाळी काका स्टूल टाकून बसत. टोचून घेणाऱ्याला खडीसाखरेचा खडा. खड्यासाठी येणारे होते, टक आणि धागा बघायला येणारे होते. काका प्रत्येकाचा वेळ एका काळ्या वहीत टिपून ठेवत.

"पण काका, टिपून पुढं काय?" मी एकदा विचारलं.

"पुढं वाट बघायची."

"कशाची?"

"कुणाला येतोय त्याची," काका शांतपणे म्हणाले.

माझ्या तोंडात खडीसाखर होती. ती मी गिळू की थुंकू, असा मला प्रश्न पडला.

आता त्या दिवसांचं वातावरण ध्यानात घ्या. चाळीचाळीत सीआयडीचा वास मारत होता. नवा फुगेवाला आला तरी बायका म्हणत, याचे बूट बघा, पोलिसाचे आहेत. आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी पेडणेकर याचा तर हा खास विषय. तो एक दिवस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "बाळ्या, तो धागेवाला आपल्या माणसांची नावं वहीत लिहितो रे. कशाला? बोट टोचणं हे नाटक आहे. तुला नाटकातलं कळतं ना? मग काढ ती वही."

मी काढली. काका नळावर गेले होते, खोली उघडी होती, आणि मला असल्या भूमिका मनापासून आवडतात. कमिटीसमोर मी पान उघडून खड्या आवाजात वाचू लागलो. "पेडणेकर, ५-३०, ठीक. सावंत, ६-००, ठीक, फार ओरडतो. शंकर गावडे, ३-३०. साखळण्याची फार घाई. दाट संशय. लक्ष ठेवणे."

पेडणेकर खुर्चीतून उठला. "साडेतीन! पाळी सुटते तेव्हा! शंकरदादा तेव्हा गेटावर असतो. आणि 'साखळण्याची घाई' म्हणजे काय? साखळी सत्याग्रह! याला आपला बेत कळला!"

"आणि तू साडेपाचला कुठं असतोस रे, पेडण्या?" कमिटीतच बसलेल्या दादानं विचारलं.

पेडणेकर एकदम खाली बसला. तो साडेपाचला कुठं असतो हे त्याच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून तरी दिसलं.

रविवारी गॅलरीत खटला भरला. वही मधे स्टुलावर. पेडणेकरानं आरोप वाचला. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. मला वाटलं, आता रडतील. ते टाळी वाजवून म्हणाले, "शाब्बास! इतकी वर्षं मी इथं राहतोय, आज पहिल्यांदा चाळीत कुणीतरी डोकं चालवलं. संशय असाच घ्यावा. फक्त तपास कच्चा आहे. हे वाजण्याचे आकडे नव्हेत, मोजण्याचे. तीन मिनिटं, तीस सेकंद. या, चोरटे नटसम्राट, तुमचंच बोट आणा."

भर सभेत त्यांनी मला टोचलं. चार मिनिटं. मग दादाला टोचलं. टक, टक, टक... सातव्या टकेला धागा. साडेतीन. चाळीतले बहुतेक सगळे पाचच्या पुढं. हशा झाला, पेडणेकराची फजिती झाली, खटला निकालात निघाला. हसला नाही तो एकटा दादा. त्यानं बोट तोंडात धरून विचारलं, "म्हणजे माका काय होतला, काका?"

"कदाचित काहीही नाही. मला माहीत नाही," काका म्हणाले. "माझा नुसता संशय आहे, आणि माझ्या संशयावरही माझा संशय आहे. विडी मात्र सोडा."

"विडी?" दादा हसला. "विडीच सोडली तर भाषणाक दम खंयसून हाडू?"

पुढच्या महिन्यातली गोष्ट. शनिवार होता, माझी कचेरी अर्धी. मी गेटसभेला गेलो, काकाही नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत होते. दोनच दिवसांनी, सोमवारी, मोर्चा निघायचा होता आणि आमच्या चाळीची तुकडी घेऊन दादा पुढं चालणार होता. त्या दिवशी तो असा तापला होता की विचारू नका. उजव्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र तलवारीसारखं. शेवटाला आला, हात उंच केला आणि गरजला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला... झाला..."

आणि थांबला. वर्तमानपत्र हातातून गळून पडलं. ओठ एका बाजूला किंचित ओढल्यासारखे झाले. "झाला... झा..." पुढचा शब्द येईना. हजार माणसं चिडीचूप. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "शंकरदादा, रडू नको!" आणि सगळ्या गेटानं एका आवाजात वाक्य पुरं केलं, "झालाच पाहिजे!" टाळ्यांचा कडकडाट. लोक खरोखर रडत होते. मी नट माणूस. लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात आलं, काय जागा घेतली! मला जन्मात जमली नसती.

अख्ख्या गर्दीत एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. तो खिशातल्या घड्याळाकडे बघत होता.

सात मिनिटांनी दादा ठीक झाला. हात हलला, जीभ सुटली, त्यानं चहा घेतला, वर एक विडी ओढली. घरी आल्यावर म्हणाला, "काय एक नाय. भावना दाटान इल्यो."

"भावना आल्या तर दोन्ही हातांत याव्यात," दारातून काका म्हणाले. "तुमच्या उजव्याच हातात कशा आल्या? चला, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात."

झालं! गॅलरीत पुन्हा खटला उभा राहिला. पेडणेकर फजिती विसरला नव्हता. "परवा मोर्चा, आणि आजच शंकरदादाला खाटेवर टाकायचं? काका, खरं सांगा, कुणाचा निरोप आहे?" बाकीचेही काकांच्या वाटेतून बाजूला झाले नाहीत. आणि मी? खरं तेच लिहितो. मीही म्हणालो, "काका, सात मिनिटांत आपोआप बरं झालं, ते दुखणं कसलं?"

"बरं झालं म्हणूनच तर संशय!" काका माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "चोर घर बघून गेलाय रे, बाळ. चोरी नंतर करील."

दादा म्हणाला, "मोर्चो होवंदे. मंगळवारी येतंय."

वहिनी आतून पदराला हात पुसत आली. "मोर्चे काय, उद्या आणखी निघतले. घोव माका दुसरो खंयसून मेळतलो?"

"तू गप रव गो!"

काकांनी वाद घातला नाही. वर गेले, नळी आणि सुई घेऊन आले. उन्हं अजून गॅलरीत होती. दादाचं बोट टोचून त्यांनी नळी भरली आणि घड्याळ लावलं. टक. टक. धागा दिसला तेव्हा या वेळी ते ओरडले नाहीत. ते दोन्ही तुकडे त्यांनी दादाच्या हातात दिले.

"शंकरराव, तुम्ही विणकर. मी आपला रक्त मोजणारा. हे काय आहे ते तुम्ही मला सांगा."

दादानं तो धागा उन्हात धरला. दिवसाकाठी हजारो धागे बघणारे डोळे ते. त्यानं तो किंचित ताणला, सैल सोडला. "धागो," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "धागो कसलो? गुंतो आसा ह्यो."

"हा इथं काचेत झाला. आत चालत्या रक्तात झाला तर?"

"गाठ."

"तुमच्या साच्यावर ताण्याच्या धाग्याला गाठ आली तर काय होतं?"

दादानं दोन्ही हात समोर धरून बोटांची फणी केली. विणकरांना कळेल, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, साच्यावर ताण्याचे, म्हणजे उभे, सगळे धागे एका बारीक दातांच्या फणीतून ओवून पुढं येतात. "गाठ बारकी आसली तर फणीतना सुटता," दादा म्हणाला. "जरा अडाकता आनि सुटता. मोठी आसली तर अडाकता ती अडाकताच. आजूबाजूचे धागे तुटतत."

"आणि मग?"

"साचो बंद."

"आज फणीतून सुटली," काका म्हणाले. एवढंच.

दादा कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. पेडणेकर काहीतरी बोलायला गेला, तर दादानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग मला म्हणाला, "बाळ्या, चपला खंय आसत माझ्यो?"

त्या माझ्या पायात होत्या.

रुग्णालयात आधी नळी फुटल्याचं लक्षण नाही ना, याची डॉक्टरांनी खात्री करून घेतली. कारण ती जात निघाली असती तर हेच औषध जीव घेणारं. मग रक्त साखळू नये म्हणून इंजेक्शनं सुरू झाली, नंतर गोळ्या. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव, म्हणून सारखी तपासणी. त्या तपासणीत रक्तात सशाच्या मेंदूची पूड घालून ते किती सेकंदांत साखळतं ते बघत. वहिनीला हे कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला, "ह्येंच्या रगतात ससो?" काकांनी दादाची तपासणी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. एकदा करत, मग स्वतःचाच संशय घेऊन पुन्हा करत. दुपारी कॉटजवळ येऊन दादाला म्हणत, "हात दाबा माझा. जोरानं. दोन्ही हातांनी." दादा दाबायचा. काकांची बोटं लाल व्हायची आणि ते खूश होऊन जायचे.

सोमवारी मोर्चा निघाला. दादाच्या जागी कोण, तर हा नाटकातला राजा. चळवळीपुढं आजवर जे मी कबूल केलं नाही ते आज करतो. मैदानात मी दादाचं भाषण दादाच्या आवाजात ठोकलं, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन, आणि शेवटाला "झाला..." म्हणून मुद्दाम थांबलो. वर्तमानपत्र हातातून सोडलं. लोकांनी वाक्य पुरं केलं, टाळ्यांनी मैदान दणाणलं. दादाच्या मेंदूत गाठ अडकून जी जागा तयार झाली, ती मी आयती वापरली. स्टुलावरून उतरलो तर समोर पेडणेकर रडत होता. आणि मग मलाही रडू आलं, ते मात्र नाटक नव्हतं.

दादा महिन्याभरानं घरी आला. विडी सुटली. पुन्हा साच्यावर गेला, पुन्हा स्टुलावर चढला, आणि दर भाषणाला मागच्या रांगेत दोन घड्याळं हजर असायची. महाराष्ट्राचं राज्य आलं त्या दिवशी सगळी चाळ गॅलरीत जमली होती. "दादा, बोल काहीतरी!" म्हणून गलका झाला. दादानं उजवा हात वर केला आणि एकच शब्द म्हणाला, "झाला!" पुढचं "पाहिजे" आता लागणारच नव्हतं. शेजारी काकांनी खिशातलं घड्याळ चालू केलं होतं. त्यांनी बटण दाबून ते बंद केलं आणि पहिल्यांदाच, मी पैजेवर सांगतो, कठड्यावर हात टेकला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला मोठ्या डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, "तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार तुम्ही स्वतःच फोडलात की! औषध दिलं नसतं तर कळलं असतं, तुमचा संशय खरा की खोटा. आता याला झटका आला नाही तो औषधानं, की येणारच नव्हता म्हणून? कसं सांगणार?"

"मग वाईट वाटतं का काका?" मी विचारलं.

काका थांबले. हातात पिशवी नव्हती, तरी ती खाली ठेवल्यासारखं वाकले. म्हणाले, "वाटत नाही असं वाटतंय. पुरावा नाही."

नोकरी संपल्यावर ते राजापूरला जायला निघाले. दादा आणि मी भाऊच्या धक्क्यावर पोहोचवायला गेलो. काकांनी बोटीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तरंगतेय," ते म्हणाले, "आत्ता तरी." मग ती काळी वही माझ्या हातात दिली. "पुढचं तू लिही. चोरून वाचलेलीच आहेस. आधी की नंतर, ते मला कळलं नाही. एवढ्याशा चाळीत कळणारही नव्हतं. ज्याला कळेल त्याला दे."

मी लिहीत राहिलो. वर्षातून एकदा राजापूरला कार्ड टाकायचो, कोण कसं आहे ते. "संशय" लिहिलेल्यांतला एक खरंच लकव्यानं गेला, दुसरा अजून चौपाटीवर फिरतो. "ठीक" लिहिलेल्या सावंताच्या अंगावरून मात्र एका सकाळी वारं गेलं. हो, वारंच म्हणतो, काका रागावले तरी. माझ्या नावापुढं ४-०० आणि एक प्रश्नचिन्ह आहे. परवा माझ्या डॉक्टरांना मी फायब्रिनोजेनबद्दल विचारलं, तर ते चमकून म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, आमच्या चाळीतल्या सीआयडीनं.

काका गेले ते साध्या तापानं. काकूंचं पत्र आलं त्या दिवशी मी वही काढून दादापुढं ठेवली. दादा आता सत्तरीला आलाय. त्यानं आपलं पान काढलं. दवाखान्यातून दादा घरी आला त्या दिवशीच काकांनी ते नाव खोडलं होतं. शंकर गावडे, ३-३०, साखळण्याची फार घाई, दाट संशय, लक्ष ठेवणे, या सगळ्यावरून एक सरळ रेघ, आणि पुढं एकच शब्द, "बाद."

दादानं चष्मा काढून ठेवला आणि उजव्या हाताचा अंगठा त्या रेघेवरून हळूहळू ओढत नेला. विणलेल्या कापडात कुठं गाठ राहिली आहे का, ते विणकर चाचपतात तसा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा एकदा.

"काय बघतोस, दादा?"

"काय नाय," तो म्हणाला. "साफ आसा."